एक फोटो जास्त

कंदिलाची वात जरा खाली करा रे, डोळ्यांत जातोय उजेड. आणि आधीच सांगतो, ऐकायचं असेल तर मुकाट्यानं ऐका. मधेच कुणी "मंग काय झालं?" म्हणून कोकललं, तर मी उठून सरळ झोपायला जाईन.

भुताच्या गोष्टी सांगणारे खंडीभर आहेत. त्यांच्या गोष्टींत पिंपळ असतो, उलटे पाय असतात, पांढरं लुगडं असतं. यात त्यातलं काही नाही. ही आपल्या हरिदास मास्तरांची हकीकत आहे, नालवाडीच्या. माणूस चांगला धडधाकट आहे, अजून शाळेत ड्रॉइंग शिकवतो. खोटं वाटत असेल तर वर्ध्याला भैयाजी आहेत, त्यांना जाऊन विचारा. पण दिवसा विचारा. दिवे लागल्यावर ते या विषयावर तोंड उघडत नाहीत.

तर छप्पन साल. दिवाळी होऊन दोनच दिवस झाले होते, रविवार होता. संध्याकाळी हरिदासनं घराला कडी घातली आणि तो निघाला. काखेत ड्रॉइंगची वही, वहीत जपून ठेवलेला एक फोटो. नालवाडीहून वर्ध्याच्या बाजारापर्यंत पायी जायचं, बाजारामागच्या गल्लीत भैयाजींचा स्टुडिओ होता तिथं फोटो पोचवायचा. दर रविवारचं हे त्याचं ठरलेलं काम होतं.

वर्ध्यात तेव्हा कॅमेऱ्याचं वेड लागलेले चार जण होते. स्वतः भैयाजी, वयानं सगळ्यांत मोठे. मालधक्क्यावरचे रामाजी. प्रभाकरराव वकील. आणि आपला हरिदास. हे चौघं दर रविवारी भैयाजींच्या मागच्या खोलीत जमायचे आणि आठवड्याभरात काढलेला एकेक फोटो आणायचे. नावगाव लिहायचं नाही. फोटो पालथा करून टेबलावरच्या काळ्या कापडाखाली सरकवायचा. सगळे आले की भैयाजी कापडाखालीच हात घालून पत्ते पिसावे तसे फोटो पिसायचे आणि एकेक उलटायचे. मग फुटाणे. ज्याला जो फोटो आवडेल त्यावर त्यानं एक फुटाणा ठेवायचा. स्वतःच्या फोटोवर ठेवायचा नाही, एवढं इमान पाळायचं. ज्यावर जास्त फुटाणे, तो आठवडाभर स्टुडिओच्या खिडकीत. फुटाणे होईपर्यंत "हा कोणाचा?" असं विचारणं म्हणजे बेअदबी. शेवटी ज्यानं त्यानं आपला फोटो उचलायचा आणि उरलेले फुटाणे खात घरी जायचं. त्या दसऱ्याला रामाजींनी नागपूरला जाऊन पांढऱ्या कपड्यांतल्या अफाट गर्दीचा फोटो आणला होता. तो तर भैयाजींनी दिवाळीपर्यंत खिडकीतून उतरवलाच नाही.

आता हरिदासचं दुःख सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

त्याची बायको देवका त्याच वैशाखात विषमज्वरानं गेली. लग्नाला आठ वर्षं, मूलबाळ नाही. आणि या कॅमेरावाल्याच्या घरात बायकोचा एकसुद्धा फोटो नाही! बैलगाड्या काढल्या, कापसाचे ढीग काढले, सेवाग्रामच्या वाटेवरची झाडं काढली. देवका म्हणायची, "अवो, एखांदा माह्या बी काढा ना." हा म्हणायचा, "उद्या काढू." उद्या कसला आलाय बाप्पा!

एकदाच काढला होता. संक्रांतीला पवनारला गेले होते दोघं, धाम नदीवर. देवका पाण्यात पाय सोडून दगडावर बसली आणि यानं कॅमेरा लावला. हा कॅमेरा जर्मन, जुना घेतलेला. त्याच्या बघायच्या खिडकीत एका माणसाचे दोन दिसतात, एक ठळक, एक फिका. पुढचं कडं फिरवायचं. फिका सरकत सरकत ठळकावर येऊन बसला, दोनाचा एक झाला, की माणूस बरोबर धरला. कड्यावर आकडे कोरलेले असतात, माणूस किती फुटांवर आहे ते कॅमेराच सांगतो. मोठी अक्कलवान वस्तू. पण एक खोड आहे. बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी काच वेगळी. काचेवरचं झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. माणूस आपला खुशाल फोटो काढत सुटतो. हरिदासनं त्या दिवशी आख्खा रोल देवकावर संपवला, आणि धुतला तर कोरा करकरीत. झाकण काढायचं राहून गेलं होतं.

देवका रागावली नाही. पदर तोंडाला लावून हसली. "जाऊ द्या, मंग कधी काढजा," म्हणाली. चार महिन्यांत ती गेली.

आणि आता त्याला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता. आवाज आठवायचा, हात आठवायचे, चालणं आठवायचं. चेहरा काढायला बसला की पेन्सिल कपाळापाशी थांबायची. ड्रॉइंग मास्तर असून! रात्र रात्र कागद फाडायचा. "एक डाव दिसू दे मले, देवके. एक डाव," असं रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणायचा. शेजारच्या सीताबाईंनी कैकदा ऐकलंय ते.

तर तो दिवाळीनंतरचा रविवार. मंडळी जमली, भैयाजींनी कापडाखाली हात घातला. एक उलटला, भैयाजींचाच. दुसरा रामाजींचा. तिसरा, चौथा. झाले चार. माणसंही चारच. पण भैयाजींचा हात कापडाखाली थांबला. "अजून एक आहे बे," ते म्हणाले आणि त्यांनी तो उलटला.

देवका होती.

नुसता चेहरा, अगदी जवळून. केस थोडे विस्कटलेले, आणि हसत होती. दात दिसतील इतकं, डोळे बारीक होतील इतकं.

"वहिनी!" प्रभाकरराव मोठ्यानं म्हणाले. बेअदबी झाली, पण कुणी त्यांना बोललं नाही. हरिदासनं फोटो दोन्ही हातांनी उचलला आणि तिथंच लहान पोरासारखा रडायला लागला. त्या रात्री कुणी फुटाणे ठेवले नाहीत. फोटो कोणाचा ते कुणी सांगितलंही नाही. भैयाजींनी दोनदा विचारलं, तिघांनीही माना हलवल्या. हरिदासला त्याची पर्वा नव्हती. मिळाला होता चेहरा! घरी नेऊन त्यानं तो उशाखाली ठेवला आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपला.

पुढच्या रविवारी पुन्हा एक फोटो जास्त. देवका ओले केस पुढं घेऊन वर बघत होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. हनुवटीखाली हात, आणि डोळ्यांत अशी काही खट्याळ लकेर, की रामाजींनी मान खाली घातली.

आणि इथं हरिदासच्या मनात किडा शिरला.

कुणीतरी हे फोटो काढलेत. कुणीतरी इतक्या जवळ बसून काढलेत. ती कुणाकडं तरी बघून हसतेय. माझ्यासमोर अशी कधी हसली ही? मी शाळेत असताना घरी कोण यायचं? आणि एकदा प्रश्न असा विचारला, की त्याचं उत्तर तयारच असतं. प्रभाकरराव यायचे. चहाला यायचे, कधी हरिदास घरी नसताना येऊन निरोप ठेवून जायचे. वर्ध्यात एवढा भारी कॅमेरा दुसऱ्या कुणाकडं होता? आणि पहिला फोटो उलटल्याबरोबर "वहिनी!" कोण ओरडलं होतं? यांनाच कशी ओळख पटली इतक्या झटकन?

हा प्रभाकरराव म्हणजे कोण, तर हरिदासचा जिवाभावाचा दोस्त. देवकाच्या आजारपणात डॉक्टरला टांग्यातून घेऊन आलेला. तिला खांदा दिलेला. त्यानं केसानं गळा कापला असं हरिदासला वाटलं, आणि बायकोनंही कापला असं वाटलं. मेलेल्या बायकोशी भांडताही येत नाही. आतल्या आत जळायला लागला माणूस. आठवडाभर शाळेत कुणाशी बोलला नाही.

चौथा रविवार. भैयाजींनी चार फोटो उलटले आणि पाचव्याला हात घालायची त्यांची छाती होईना. हरिदासनंच कापड ओढून काढलं.

या वेळी देवका आख्खी दिसत होती. परसात उभी, किंचित वाकलेली, चहाचा कप पुढं केलेला. घ्या ना, म्हणत असल्यासारखी.

"कोणाले देऊन राह्यली हे चहा?" हरिदासनं विचारलं.

तो प्रभाकररावांकडं वळला.

"वकीलसाहेब, तुमाले इचारून राह्यलो मी."

"हरिदास, मी शपथेवर सांगतो..." प्रभाकरराव म्हणाले.

"कोर्टात घेजो शपथ! माह्या घरचा चहा पेला तू, माह्या ओट्यावर बसला तू..." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं प्रभाकररावांना अरे-तुरे केलं.

प्रभाकरराव उठले. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला, टेबलावर ठेवला आणि दिव्याखाली त्याचं मागचं झाकण उघडलं. आतला रोल बाहेर ओढला, सगळाच्या सगळा, फरफरा. त्यात त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते. परवाच झालं होतं बारसं. उजेड लागला की सगळं गेलं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. "वहिनीचा फोटो या कॅमेऱ्यानं काढला असेल, तर या पोरीचं तोंड मला पुन्हा दिसू नये," ते म्हणाले. याहून मोठी शपथ कॅमेरावाला घेऊ शकत नाही. भैयाजींनी डोळे मिटून घेतले.

पण हरिदासच्या डोक्यात रक्त चढलं होतं. तो म्हणाला, "तुह्या काय दोष? ते तसलीच असन. मेली ते बरं झालं. वाचली असती तं गावात तोंड दाखवाले जागा ठेवली नसती तिनं."

बोलला. चार माणसांत बोलला. आठ वर्षं जिनं याचं सगळं, अगदी कोरा रोलसुद्धा, हसण्यावारी नेलं, तिच्याबद्दल. मला अजून आठवलं की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्या वेळी काही झालं नाही. दिवा विझला नाही, कुत्रं रडलं नाही. टेबलावरचा फोटो होता तसाच होता. हरिदासनं तो भिरकावून दिला, घरी आला आणि उशाखालचे तिन्ही फोटो चुलीत घातले. जळताना त्याला बरं वाटलं म्हणे.

आता नीट ऐका. पुढच्या रविवारची तारीख दोन डिसेंबर. कार्तिक अमावास्या.

दुपारी भैयाजी सायकल रिक्षा करून नालवाडीला आले. या वयात एकटे. हातात तो चौथा फोटो, जाड पाकिटात घातलेला, आणि त्यांचं भिंग. "चहापाणी काही नको," म्हणाले. "मास्तर, तुह्यं परस दाखव मले."

परसात येऊन ते उभे राहिले. फोटो पाकिटातून अर्धा बाहेर काढला आणि फोटोकडं बघत, भिंतीकडं बघत विचारलं, "काऊन रे, हे भिंत कधी पडली?"

"पोळ्याच्या पावसात."

"आन् हा तुराट्यांचा कूड?"

"म्या बांधला. दसऱ्याच्या सुट्टीत." हरिदास वैतागला. "त्याचं काय आता?"

भैयाजींनी फोटो त्याच्या हातात दिला आणि वर भिंग धरलं. देवकाच्या मागं, तिच्या खांद्याच्या वर, पडकी भिंत होती. भिंतीच्या खिंडाराला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कूड होता. कुडाला वरच्या बाजूला सुतळी संपली म्हणून हरिदासनं धोतराची चिंधी बांधली होती. ती चिंधीसुद्धा होती.

"देवकाबाई कधी गेली?" भैयाजींनी हळूच विचारलं.

 वैशाखात गेली होती ती. तीन आठवडे तो चेहऱ्याकडंच बघत आला होता. मागं काय आहे ते त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

भैयाजींनी फोटो परत घेतला आणि तो डोळ्यांसमोर धरून ते मागं मागं सरकायला लागले. धुण्याचा दगड, शेवग्याचं खोड, कूड, सगळं फोटोतल्यासारखं जागच्या जागी येईपर्यंत. मागच्या दाराशी येऊन थांबले. तरी जमेना. मग खाली बसले, उंबऱ्यावर. आणि बसल्याबरोबर चटका बसल्यासारखे उठले.

"इथून," ते म्हणाले. "इथं कोण बसते, सकाळी?"

हरिदास बसायचा. रोज. चहा घेऊन.

"कॅमेरा कोणाचाच नव्हता रे बाबा. ते तुह्याकडं पाहून हासत होती. तूच मांगत होता ना तोंड? तिनं देल्लं."

एवढं बोलून त्यांनी फोटो परत दिला, तोवर तो हरिदासच्या हातात जांभळा पडायला लागला होता. पक्का धुतलेला नसला की उन्हात फोटो काळवंडतो. दोघांच्या डोळ्यांदेखत आधी तिचा हात गेला, मग कप, मग चेहरा. हरिदासनं तो छातीशी धरला, सदऱ्यात लपवला. काढून पाहिला तर काळा कागद.

तीन जाळले होते. चौथा असा गेला.

भैयाजी दिवेलागणीच्या आधी निघून गेले. जाताना म्हणाले, "आज राती बाहेर निघू नको. अवस आहे. सकाळी प्रभाकरच्या घरी जाजो आन् पाय धरजो त्याचे."

पण हरिदासला प्रभाकररावांची आठवण कुठली? त्याला चेहरा हवा होता. एकदाच. आणि माफी मागायची होती, असं तो म्हणतो. असेलही.

अंधार पडला. परसातल्या धुण्याच्या दगडावर त्यानं कंदील ठेवला. कॅमेऱ्यात नवा रोल घातला. झाकण काढलं, दोनदा हात लावून पाहिलं. आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. साडेसात झाले असतील. शेजारी सीताबाईंच्या घरी अजून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे रात्र फार झालेली नव्हती.

"देवका," तो म्हणाला. "चुकलो मी."

काही नाही.

"लय वंगाळ बोललो. माह्यी जीभ झडो."

काही नाही... शेवग्याची दोन पानं पडली तेवढंच.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

खिडकीत दगड होता. कंदील होता. आणि कुडापाशी दोन देवका उभ्या होत्या. एक ठळक. एक फिकी.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. परस रिकामं. पुन्हा लावला. दोघी होत्या. चेहरे अंधारात, कंदिलाच्या उजेडाच्या पलीकडं.

बोटांना सवय होती. त्यानं कडं फिरवलं. फिकी सरकली... सरकली... ठळकावर जाऊन बसली. एक झाली. कड्यावर आकडा होता वीस. वीस फूट.

बरोबर. कूड तेवढ्याच अंतरावर होता.

मग त्याच्या डोळ्यांदेखत एकीच्या दोन झाल्या. त्यानं कडं हलवलं नव्हतं.

म्हणजे तीच हलली होती.

पुन्हा जुळवलं. पंधरा.

पुन्हा दोन झाल्या. जुळवलं. दहा. आता ती कंदिलाच्या अलीकडं होती आणि उजेड तिच्या पाठीमागं.

कॅमेऱ्याच्या बाहेर एक डोळा उघडा होता त्याचा. त्या डोळ्याला नुसता दगड दिसत होता. नुसता कंदील.

सहा.

मातीवर पावलांचा आवाज नव्हता.

तीन. कडं तिथं अडलं. तीन फुटांच्या आतलं त्या कॅमेऱ्याला धरता येत नाही.

आणि खिडकीत अजून... दोघी होत्या.

हरिदासनं बटण दाबलं.

कॅमेरा खाली आला. समोर कुणी नव्हतं. पण त्याच्या गुडघ्यांना गार लागत होतं. फक्त गुडघ्यांना. कुणी अगदी पुढ्यात येऊन बसलं की त्याची सावली पडते ना, तेवढ्याच जागेला.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? बोलला असता ना तिच्याशी? ओंजळ पुढं केली असती, पाय धरले असते, निदान रडला असता. हा लेकाचा उठला! याच्या डोक्यात एकच, की फोटो आला. धुवायला पाहिजे. आत्ताच धुवायला पाहिजे, पक्का धुवायला पाहिजे. कंदील उचलला, न्हाणीत शिरला, दाराला घोंगडी लावली, कंदिलावर लाल काच चढवली आणि बाकीचा उजेड कापडानं बंद केला. रोल काढून औषधाच्या पाण्यात सोडला आणि हलवायला लागला. खाली वर. खाली वर.

या कामाला सुरुवात केली की मधे दार उघडता येत नाही. बाहेरचा उजेड आला की रोल गेला, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. बाहेर अमावास्या होती, उजेड येणार कुठून, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तेव्हा मागच्या दाराशी आवाज आला.

"अवो..."

हरिदासचा हात थांबला.

"अवो... आइकलं का?"

देवकाचाच. आजारपणाआधीचा आवाज. जरासा दमलेला, तरी गोड. उंबऱ्यावर बसून आत हाक मारावी तसा.

आणि हा काय म्हणाला माहीत आहे? आठ वर्षं रोज जे म्हणत होता तेच. तोंडातून आपोआप निघालं.

"थांब ना जराशी. रोल धुवून राह्यलो."

बाहेर शांत.

हरिदास खाली वर हलवत राहिला. घाम गळत होता त्याच्या नाकावरून. आता काही वेळातच हिचा चेहरा माझ्या हातात येईल, कायमचा येईल, एवढंच त्याच्या मनात.



मग उंबऱ्यावर दगड ठेवल्याचा आवाज झाला.

कट्.

थोड्या वेळानं पुन्हा. कट्.

सावकाश. कुणाला घाई नसल्यासारखं. कट्... कट्...

"देवका?"

कट्.

रडणं नाही. बोलणं नाही. एक हात झाल्यावर दुसरा हात घ्यावा, तेवढा वेळ गेला... आणि पुन्हा सुरू झालं.

 तरी त्यानं रोल सोडला नाही. पक्क्या करायच्या पाण्यात टाकला, मनातल्या मनात अंक मोजले, काढला. लाल काचेसमोर धरला.

कूड आला होता. धुण्याचा दगड आला होता. कंदीलही आला होता. शेवग्याचं खोड आलं होतं. जरा पुसट, पण सगळं ओळखू येत होतं.

बाकी कुणी नव्हतं.

मग त्यानं घोंगडी ओढून फेकली आणि कंदील घेऊन धावला. मागचं दार सताड उघडं. परसात कुणी नाही. सीताबाई तिकडून कुडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात रॉकेलची चिमणी. "मास्तर," त्या म्हणाल्या, "कोण रे आलतं तुह्या दारात?" तो कंदील खाली धरून उंबऱ्याकडं बघत राहिला. सीताबाई कुडाला वळसा घालून जवळ आल्या, त्यांनीही पाहिलं. पाहिलं आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या.

देवका सवाष्ण गेली होती. हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून, दोन्ही मनगटं भरून हिरवा चुडा घालून नेली होती तिला. चिता पेटली तेव्हा तो चुडा तिच्या हातात होता. प्रभाकररावांनी पाहिलाय, तिला पोचवायला गेलेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिलाय.

उंबऱ्यावर त्या बांगड्या फुटून पडल्या होत्या. सगळ्या. दगडानं एकेक ठेचून फोडलेल्या, आणि दगड बाजूला नीट ठेवलेला.

बांगड्या कुणी आणि कधी फोडायच्या असतात, ते तुमच्या घरच्या बायकांना विचारा.

आणि नवरा तर तिथंच होता. जिवंत. हातात ओला रोल घेऊन उभा होता.